दादाचं पोलाद, नवऱ्याचं तेल आणि एक सही

पत्र:

आम्ही कॅलगरीत राहतो. हे तेलक्षेत्रातल्या एका कंपनीत आहेत. माझा थोरला भाऊ ऑन्टारिओत, हॅमिल्टनला, पोलादाच्या कारखान्यात आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, लावलं तेव्हापासून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोघांची रोज जुंपते. दादा म्हणतो, "सगळा देश एकत्र उभा राहिला आणि तुमच्या प्रीमियरने (म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्र्यांनी) पाय मागे घेतला. तेलाचा नळ बंद केला असता तर आठवड्यात अमेरिका वठणीवर आली असती." हे म्हणतात, "आमच्या पैशावर जगता आणि बळी द्यायला आम्हीच." आता ह्यांच्या ऑफिसातले काहीजण अल्बर्टा वेगळा करण्याच्या अर्जावर सह्या करताहेत. ह्यांचं म्हणणं, वेगळं व्हायचं नाहीच, पण ओटावावर, म्हणजे केंद्र सरकारवर, दबाव येईल तर सही करायला काय हरकत आहे? आम्ही दोघं नागरिक आहोत, सासूबाई पीआर, म्हणजे नागरिकत्व नसलेल्या कायम रहिवासी, आहेत. मार्चमध्ये दादा-वहिनी आठ दिवस येणार आहेत. कोणाचं बरोबर? सही करावी का? आणि ते आठ दिवस कसे काढायचे?

— दोन्ही घरांची, कॅलगरी

उत्तर:

ताई,

तुमच्या घरात एक भांडण नाही, तीन आहेत. टॅरिफला उत्तर कसं द्यायचं, हे पहिलं. अल्बर्टा आणि ओटावा यांचा पन्नास वर्षांचा जुना हिशेब, हे दुसरं. देशात राहायचं की नाही, हे तिसरं. दादा पहिल्यावर बोलायला लागतात, तुमचे यजमान दुसऱ्यातून उत्तर देतात, आणि ऑफिसात फिरणारा कागद तिसऱ्याचा आहे. म्हणून कितीही बोललं तरी कोणाचं समाधान होत नाही.

आधी तेलाचा नळ. दादांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या अनेक रिफायनऱ्या अल्बर्टाच्या जड तेलासाठीच तयार केलेल्या आहेत आणि तितकं जड तेल दुसरीकडून आणणं त्यांना सोपं नाही. १ फेब्रुवारी २०२५ च्या अमेरिकी आदेशात कॅनडाच्या बाकी मालावर २५ टक्के आणि ऊर्जेवर मात्र १० टक्के शुल्क होतं, ते उगीच नाही. तेल हे कॅनडाच्या हातातलं मोठं पान आहे आणि न खेळताही त्याचा धाक होता.

पण हा नळ जातो कुठून, ते दादांबरोबर नकाशावर बघा. अल्बर्टाचं तेल ऑन्टारिओत पोचतं ते बरंचसं अमेरिकेच्या जमिनीवरून. लाइन ५ नावाची पाइपलाइन विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियरहून निघते, मिशिगन ओलांडते आणि सार्नियाला येते. तिची क्षमता दिवसाला सुमारे ५,४०,००० पिंपं. सार्नियाहून पुढे लाइन ९ माँट्रियलकडे जाते. म्हणजे अल्बर्टातून दक्षिणेला जाणारं तेल थांबवलं तर पहिला चटका ऑन्टारिओ आणि क्वेबेकच्या रिफायनऱ्यांना. "अमेरिकेचं बंद, आपलं चालू" असं म्हटलं तरी व्हॉल्व मिशिगनमध्ये आहेत. १९७७ च्या कॅनडा–अमेरिका करारानुसार असं वाहतं तेल अडवता येत नाही, पण आपणच आधी तेल रोखलं तर त्या कराराचा आधार मागायला आपल्याला तोंड उरत नाही.

राहिला निर्यात कर, म्हणजे तेल जाऊ द्यायचं पण सीमेवर ओटावाने कर घ्यायचा. हे अल्बर्टात इतकं का झोंबतं ते दादांना माहीत असायला हवं. १९७३ मध्ये केंद्र सरकारने तेलाच्या निर्यातीवर पिंपामागे ४० सेंट असा कर बसवला आणि तो वाढतच गेला. १९८० मध्ये राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आला, तेलाच्या दरावर आणि उत्पन्नावर केंद्राची पकड वाढवणारा. अल्बर्टातल्या घराघरांत त्या वर्षांची आठवण आजही नोकऱ्या आणि घरं गमावण्याशी जोडलेली आहे. तेव्हा १५ जानेवारी २०२५ ला सगळ्या प्रीमियरांच्या संयुक्त निवेदनावर अल्बर्टाच्या प्रीमियर डॅनिएल स्मिथ यांनी सही केली नाही, कारण त्यात निर्यात कर किंवा निर्यातबंदीची वाट खुली राहत होती, ते आकाशातून पडलं नव्हतं. माझं मत स्पष्ट सांगते: निर्यात कर नको हा आक्षेप योग्य होता, तो नोंदवायची पद्धत चुकली. निवेदनातच आक्षेपाची एक ओळ घालून सही करता आली असती. सही न झाल्याने सीमेपलीकडे एकच संदेश गेला, की यांच्यात फूट आहे.

एकट्याने पाऊल टाकण्याचा दोष मात्र फक्त अल्बर्टाच्या पदरी टाकू नये. १० मार्च २०२५ ला ऑन्टारिओचे प्रीमियर डग फोर्ड यांनी मिनेसोटा, मिशिगन आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या विजेवर २५ टक्के अधिभार लावला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने पोलाद-अॅल्युमिनियमवरचं शुल्क दुप्पट करण्याची धमकी दिली आणि अधिभार स्थगित झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑन्टारिओ सरकारच्या जाहिरातीचं निमित्त करून अमेरिकेने सगळ्या देशाबरोबरची व्यापारबोलणी थांबवली. प्रांत आपापल्या मतदारांना जबाबदार असतात, म्हणून ते असं वागतात. त्याला गद्दारी म्हणू नये, पण किंमत सगळे मोजतात हेही विसरू नये.

आता तुमच्या यजमानांसाठी, आणि हे त्यांनी नीट वाचावं. "बळी द्यायला आम्हीच" हे आजच्या दरपत्रकावर टिकत नाही. मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यातच अमेरिकेने कस्मा, म्हणजे कॅनडा-अमेरिका-मेक्सिको व्यापार कराराच्या नियमांत बसणाऱ्या मालाला सूट दिली. अल्बर्टातून निघालेलं तेल मूळचं कॅनडाचं असल्याने त्या नियमांत बसतं. कागद बरोबर असले की त्यावर शुल्क लागत नाही. पोलादाची गोष्ट वेगळी आहे. त्यावरचं शुल्क राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली, अमेरिकेच्या २३२ या वेगळ्या कलमाखाली लावलं आहे आणि त्याला कस्माची सूट नाही. १२ मार्च २०२५ पासून २५ टक्के, ४ जूनपासून ५० टक्के. म्हणजे आज मार सोसताहेत ते हॅमिल्टनवाले. दादांच्या बोलण्यातली धार त्यातून येते आहे, अशी माझी खात्री आहे.

त्यांची पाळी कमी झाली असेल तर त्यांना एक गोष्ट जरूर विचारा: कारखान्याने वर्क-शेअरिंगसाठी अर्ज केला आहे का? मालक, कामगार आणि सरकार यांच्यातला हा करार असतो. कोणाला काढण्याऐवजी सगळ्यांचे तास कमी करतात आणि बुडालेल्या तासांपोटी रोजगार विम्यातून, म्हणजे ईआयमधून, काही पैसे मिळतात. टॅरिफमुळे त्याची कमाल मुदत ३८ आठवड्यांवरून ७६ करण्यात आली. अर्ज एकट्या कामगाराला करता येत नाही, मालक आणि युनियन दोघांची संमती लागते, आणि तिथेच बहुतेक वेळा घोडं अडतं. ईआयचा हप्ता देशभरच्या पगारांतून कापला जातो, तुमच्या यजमानांच्याही. त्यांच्या पगारपत्रकावरची ती ओळ हॅमिल्टनच्या कामगारापर्यंत पोचते, हे घरात एकदा दाखवून द्या.

दादांनीही उलट बाजू ऐकावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडाने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के शुल्क लावलं. त्यातून मुख्यतः ऑन्टारिओचा मोटारउद्योग राखायचा होता. चीनने उत्तर दिलं ते प्रेअरीच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या मैदानी प्रांतांतल्या, शेतकऱ्याला. मार्च २०२५ मध्ये कॅनोला या तेलबियांच्या पिकाचं तेल, पेंड आणि वाटाण्यावर १०० टक्के. ऑगस्टमध्ये कॅनोलाच्या बियांवर ७५.८ टक्के अनामत. सस्कॅचेवान आणि अल्बर्टाच्या शेतकऱ्याने गाड्या बनवल्या नव्हत्या, तरी बिल त्याच्या नावावर फाटलं. जानेवारी २०२६ मध्ये बीजिंगला समझोता झाला: वर्षाला ४९,००० चिनी गाड्या ६.१ टक्के शुल्काने येऊ द्यायच्या आणि चीनने १ मार्चपर्यंत कॅनोला बियांवरचं शुल्क सुमारे १५ टक्क्यांवर आणायचं. मग ऑन्टारिओ रागावला. एकाला दिलेली ढाल दुसऱ्याच्या पाठीवर लागते. एवढ्या मोठ्या देशात हे टळत नाही; ओटावाने ते आधी कबूल करून नुकसान भरून द्यायला हवं, आणि तिथे ते वारंवार कमी पडतं. यजमानांचा राग तिथे न्याय्य आहे.

जुन्या हिशेबात सगळ्यात जास्त गैरसमज समीकरण निधीचा, ज्याला सगळे इक्वलायझेशन म्हणतात, म्हणजे कमी महसुलाच्या प्रांतांना केंद्राकडून मिळणारी रक्कम. अल्बर्टा सरकार क्वेबेकला किंवा ऑन्टारिओला चेक लिहून देत नाही. १९५७ पासून चालू असलेला हा निधी केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीतून जातो. केंद्रीय आयकराचे टप्पे देशभर सारखेच आहेत. अल्बर्टातून जास्त पैसा जातो तो तिथली मिळकत जास्त म्हणून. २०२५-२६ साठी एकूण रक्कम २६.२ अब्ज डॉलर, त्यातले १३.६ अब्ज क्वेबेकला. अल्बर्टाला शेवटचा हप्ता मिळाला १९६४-६५ मध्ये. सूत्र बदलावं का? जरूर वाद घालावा. पण "आमच्या पैशावर जगता" हे दादांना म्हणणं चूक आहे, तेही त्याच तिजोरीत कर भरतात. त्याच तिजोरीतून ओटावाने २०१८ मध्ये ट्रान्स माउंटन पाइपलाइन ४.५ अब्जाला विकत घेतली आणि विस्तारावर सुमारे ३४ अब्ज डॉलर खर्च होऊन १ मे २०२४ ला ती सुरू झाली. तिची क्षमता दिवसाला ३ लाख पिंपांवरून ८ लाख ९० हजारांवर गेली. आज अल्बर्टाचं तेल पॅसिफिकवरून आशियात जातं आणि अमेरिकेशी बोलताना दुसरा गिऱ्हाईक आहे असं सांगता येतं, ते याच पाइपमुळे.

तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पॅसिफिककडे जाणारी नॉर्दर्न गेटवे पाइपलाइन २०१६ मध्ये नाकारली गेली, पूर्वेकडे जाणारी एनर्जी ईस्ट २०१७ मध्ये कंपनीनेच सोडली. एनर्जी ईस्ट झाली असती तर आज लाइन ५ ची काळजी खूप कमी असती, हे दादांनी लक्षात घ्यावं. पण या तक्रारींचं काय होतं तेही पाहा. १९८० मध्ये अल्बर्टाचे तेव्हाचे प्रीमियर पीटर लॉहीड यांनी ओटावाशी भांडताना अल्बर्टाचं तेल उत्पादन टप्प्याटप्प्याने दिवसाला १,८०,००० पिंपांनी कमी करण्याचं जाहीर केलं, आणि देशात टंचाई झाली तर ही कपात थांबवू असंही त्याच वेळी सांगितलं. दोन टप्पे प्रत्यक्षात आले, सप्टेंबर १९८१ मध्ये तडजोड झाली, आणि १९८२ च्या घटनेत ९२ए हे कलम आलं, ज्याने नैसर्गिक साधनसंपत्तीवरचा प्रांतांचा अधिकार पक्का केला. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राच्या प्रकल्प-तपासणी कायद्याचा मोठा भाग घटनाबाह्य ठरवला. २७ नोव्हेंबर २०२५ ला ओटावा आणि अल्बर्टा यांच्यात सामंजस्य करार झाला: पॅसिफिककडे दिवसाला १० लाख पिंपांची नवी पाइपलाइन पुढे न्यायची, तेल-वायूच्या उत्सर्जनावरची प्रस्तावित मर्यादा आणायची नाही, बदल्यात औद्योगिक कार्बनची किंमत टनाला १३० डॉलरपर्यंत न्यायची. ब्रिटिश कोलंबियाचे प्रीमियर आणि किनाऱ्यावरचे फर्स्ट नेशन्स, म्हणजे मूळ रहिवासी समुदाय, याच्या विरोधात आहेत, म्हणजे पाइप जमिनीत जायला अजून अवकाश आहे. तरी हे सगळं देशात राहून, कठोर भांडून मिळालेलं आहे.

आता सही. माझा सल्ला: दबावासाठी करू नका. वेगळं व्हायचं असं मनापासून वाटत असेल तर तो तुमचा हक्क आहे. पण यजमानांना तसं वाटत नाही, मग तो कागद त्यांचा नव्हे.

त्या अर्जातला प्रश्न इतकाच आहे की अल्बर्टाने कॅनडापासून वेगळं होऊन स्वतंत्र राष्ट्र व्हावं का. त्यात टॅरिफ नाही, इक्वलायझेशन नाही, पाइपलाइन नाही. "दबावापुरती सही" अशी वेगळी रांग मोजणीत नसते. १,७७,७३२ सह्या लागतात, मुदत २ मे २०२६. २०२५ मध्ये कायदा बदलून हा आकडा खाली आणला, आधी खूप जास्त सह्या आणि त्याही कमी दिवसांत लागत. अल्बर्टा कॅनडातच राहावा म्हणणाऱ्या दुसऱ्या अर्जावर जुन्या नियमांखाली ४ लाखांहून जास्त सह्या जमल्या आणि तपासून मान्यही झाल्या, हे ऑफिसातल्या चर्चेत सहसा कोणी सांगत नाही.

आणि दबाव ओटावावर येण्याआधी येतो तो गुंतवणुकीवर. क्वेबेकमध्ये १९७६ ला फुटीरवादी पक्ष सत्तेवर आला, आणि १९७८ च्या जानेवारीत, पहिल्या सार्वमताच्या दोन वर्षं आधी, सन लाइफ या विमा कंपनीने मुख्यालय माँट्रियलहून टोरोंटोला नेण्याचं जाहीर केलं. मत पडायची कोणी वाट पाहिली नाही. वीस-तीस वर्षांचा हिशेब करून बांधायच्या पाइपलाइनला तर अशी अनिश्चितता अधिकच मारक आहे. तुमच्या यजमानांना जी पाइपलाइन हवी आहे, तिच्याच भांडवलदाराला ते घाबरवणार.

कायद्याची वाटही सरळ नाही. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोणत्याही प्रांताला एकतर्फी फुटता येत नाही. स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर सगळ्यांवर वाटाघाटीचं बंधन येतं, इतकंच. २००० च्या क्लॅरिटी अॅक्टनुसार प्रश्न आणि बहुमत स्पष्ट आहे का ते हाउस ऑफ कॉमन्स ठरवतं. शिवाय अल्बर्टा प्रांत १९०५ चा. तिथल्या जमिनीवरचे ६, ७ आणि ८ क्रमांकाचे करार १८७६, १८७७ आणि १८९९ चे, राजसत्ता आणि फर्स्ट नेशन्स यांच्यातले. डिसेंबर २०२५ मध्ये अल्बर्टाच्याच न्यायालयाने हा प्रश्न त्या हक्कांशी विसंगत ठरवला. त्यानंतर प्रांताने कायदा बदलून अर्जाला वाट करून दिली. हा वाद मिटलेला नाही.

"वेगळे झालो की समुद्रापर्यंत जायला आंतरराष्ट्रीय कायदा आहेच" हे वाक्यही ऑफिसात ऐकू येईल. समुद्र कायद्याच्या करारात भूवेष्टित देशांना वाट देण्याची तरतूद आहे, पण कलम १२४ प्रमाणे पाइपलाइन त्यात आपोआप येत नाही, त्यासाठी दोन्ही देशांची संमती लागते. म्हणजे संमती पुन्हा कॅनडाचीच मागायची. आणि तेलाला आज शुल्कातून वाचवणारा कस्मा करार कॅनडाने केलेला आहे, नव्या देशाला तो वारशाने मिळेल असं धरून चालता येत नाही.

सासूबाईंचं लगेच सांगून ठेवा: सही फक्त अल्बर्टात राहणाऱ्या, १८ पूर्ण झालेल्या कॅनडाच्या नागरिकांनाच करता येते. पीआर असलेल्यांना नाही, कोणत्याच बाजूच्या अर्जावर नाही. दारावर किंवा मंदिराबाहेर कोणी आग्रह केला, "काकू, नुसतं नाव लिहा" म्हटलं, तरी लिहायचं नाही. पीआर माणसाने कायद्याच्या कागदावर चुकीची माहिती देणं पुढे स्वतःलाच जड जाऊ शकतं.

राहिले आठ दिवस. दादा यायच्या आधी एका कागदावर चार ओळी लिहून फ्रिजवर लावा: तेल, पोलाद, गाड्या, कॅनोला. प्रत्येकासमोर आजचा दर, तो कोणत्या तारखेपासून आहे आणि कस्माची सूट आहे की नाही. निम्मी भांडणं अशी होतात की एकजण मार्च २०२५ चा आकडा बोलतो आणि दुसरा सप्टेंबरनंतरचा. मधल्या काळात कॅनडाने स्वतःचं बरंचसं प्रतिशुल्क काढलं, पोलाद, अॅल्युमिनियम आणि गाड्यांवरचं ठेवलं. ज्या फॉरवर्डवर तारीख नाही तो जेवणाच्या टेबलावर वाचायचा नाही, एवढा नियम दोघं मान्य करतील. "देशद्रोही" आणि "फुकटे" हे दोन शब्द आठ दिवस घरात नकोत, हे तुम्हीच सांगा. बहीण आणि बायको म्हणून तुमचा तो अधिकार आहे. पहिल्या संध्याकाळी यजमानांनी दादांना आधी कारखान्याचं विचारावं, किती ऑर्डरी गेल्या, किती माणसं घरी आहेत. उत्तर पूर्ण होईपर्यंत अल्बर्टाचा विषय काढू नये. दुसऱ्या दिवशी दादांनी तसंच तेलाचं विचारावं. ग्रुपवर भारतातले आई-वडील असतील तर राजकारणासाठी या दोघांचा वेगळा ग्रुप करून द्या.

आणि जायच्या आधी दोघांना एक काम द्या. १ जुलै २०२६ ला कस्मा कराराचा संयुक्त आढावा आहे. तेलाची सूट त्या करारावर टिकून आहे. पोलादाचं शुल्क त्याच्या बाहेरचं असलं तरी बोलणी त्याच दोन देशांची आहेत. दोघांनी एकच मजकूर आपापल्या खासदाराला पाठवावा: तेलाची सूट वाचवताना पोलाद सोडू नका, आणि पोलादासाठी तेलावर निर्यात कर देऊ करू नका. एक पान, एक मागणी, खाली पत्ता आणि पोस्टल कोड, म्हणजे आपल्याच मतदारसंघातलं पत्र आहे हे कळतं. हाउस ऑफ कॉमन्सच्या पत्त्यावर खासदाराला पाठवलेल्या पत्राला तिकीट लावावं लागत नाही.